नागपूर-रायपूर वाटेवरची फुले

इ. स. १८७७ साली कलकत्त्याच्या एका बंगाली कुटुंबाचा रायपूरकडे प्रवास झाला. कुटुंबाचे कर्ते विश्वनाथ दत्त हे वकील. कामानिमित्त त्यांना रायपुरात दीर्घकाळ मुक्काम करावा लागणार होता, म्हणून सारा परिवारच तिकडे निघाला. आगगाडी नागपूरपर्यंतच येई. पुढचा सुमारे तीनशे किलोमीटरांचा रस्ता बैलगाडीने काटावयाचा, आणि त्याला पंधरवड्याहून अधिक काळ लागे. परिवारातला थोरला मुलगा नरेंद्रनाथ त्या वेळी चौदा वर्षांचा होता. हाच पुढे स्वामी विवेकानंद या नावाने जगाला ठाऊक झाला.

चरित्रकारांनी या प्रवासाची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. दोन्ही बाजूंना फुलांनी लवलेली झाडे व वेली, रंगीबेरंगी पाखरे, आणि डोंगराच्या एका कपारीत वरपासून खालपर्यंत लोंबणारे प्रचंड मधाचे पोळे. ते पोळे न्याहाळताना मधमाश्यांच्या त्या अफाट राज्याचा विचार मुलाच्या मनात आला आणि त्याचे बाह्य भान हरपले. भानावर आला तेव्हा गाडी पुष्कळ पुढे निघून गेली होती. चरित्रे त्या डोंगरांना विंध्य म्हणतात. भूगोलाच्या हिशेबाने नागपूर व रायपूर यांच्यामधले डोंगर सातपुडा-मैकल रांगांचे. पण भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांत नकाशा फारसा कोणी पाहत नाही.

ते पोळे सर्वांच्या लक्षात राहिले. ज्या फुलांच्या मधावर ते वाढले, त्यांना मात्र चरित्रांत नावे नाहीत.

ती नावे त्या वाटेच्या कडेला राहणाऱ्यांच्या तोंडी होती व आहेत. फाल्गुन लागला की छत्तीसगडचे रान पाने झाडून टाकते आणि फुलांनी पेटते. आपण ज्याला पळस म्हणतो तो तिकडे परसा. पाहुण्या बंगाली कुटुंबाला तो परका वाटण्याचे कारण नव्हते. पलाशी हे त्यांच्याकडचे इतिहासप्रसिद्ध गाव याच झाडाच्या नावाचे, असे सांगतात. काटेसावरीची जाड पाकळ्यांची लाल फुले निष्पर्ण फांद्यांवर येतात. खडकाळ उतारावर धायटीची बारीक तांबडी फुले गुच्छागुच्छांनी लागतात. कुसुंबही तांबडा दिसतो, पण दुरून पाहणारा तेथे फसतो: तो रंग फुलांचा नसून कोवळ्या पालवीचा असतो. पळस व कुसुंब या दोन्ही झाडांवर लाखेचा किडा पोसला जातो. पळसावरची लाख रंगीनी आणि कुसुंबावरची कुसमी, असा भेद व्यापारी आजही करतात.

तथापि या रानातले सर्वांत मोलाचे फूल दिसायला अगदी साधे आहे. मोहाचे फूल फिकट पिवळसर, मांसल, गोड. ते रात्री उमलते आणि पहाटे आपोआप गळून पडते, म्हणून ते वेचावयाचे तर उजाडण्यापूर्वी घर सोडावे लागते. आई, बाप, आजी, पोरे, सारे टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. पुष्कळ ठिकाणी कोणते झाड कोणत्या घराचे, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते. गोळा केलेली फुले अंगणात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात आणि पावसाळ्याच्या टंचाईत पोटाला आधार देतात. अस्वलालाही हे फूल फार प्रिय, म्हणून एकट्याने कोणी जात नाही. खाली पडलेली फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याचीही चाल आहे; त्यात कोवळी रोपे करपतात आणि कधी वणवा पसरतो, हेही खरे.

भोसल्यांचे राज्य छत्तीसगडात होते. बिंबाजी भोसले १७५८ सालापासून १७८७ सालापर्यंत रतनपुराहून कारभार पाहत. १८१८ नंतर इंग्रज अंमलदार अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रायपुरास हलवले. १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. या साऱ्या घडामोडींत पहाटेच्या त्या वेचणीकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले ते बहुधा अबकारीमुळे. मोहापासून दारू निघते आणि दारूवर कर बसतो. नरेंद्राच्या प्रवासानंतर एकच वर्षाने, १८७८ साली, वन कायदा झाला आणि सरकारने राखून घेतलेल्या जंगलांत रानातल्या माणसाचा जुना वहिवाटीचा हक्क सरकारच्या मर्जीवरची सवलत होऊन बसला. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली ठाणे-कुलाबा भागांत मोहफुले वेचण्या-साठवण्यावर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा आला. जे फूल घरातली आजी पदरात वेचून आणी, ते आता पोलिसाच्या नजरेखाली आले. वनोपजावर वनवासीयांची मालकी कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले.

दत्त कुटुंब १८७९ साली कलकत्त्यास परतले. रायपुरातल्या बूढा तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. पुढे रुळ आले आणि पंधरा दिवसांची वाट काही तासांची झाली. खिडकीतून पळसाचा एक लाल पट्टा दिसतो आणि सरतो. शहरातली कुटुंबे वसंतात बारनवापाऱ्याच्या अभयारण्याकडे जातात. १९७६ साली स्थापन झालेल्या या अभयारण्याला बार व नवापारा या दोन वनग्रामांचे नाव आहे. मोटारीतून उतरून पोरे पळसाची फुले वेचतात, पाण्यात भिजवून होळीचा केशरी रंग करून पाहतात. जवळच एखाद्या मोहाखाली, झाडून स्वच्छ केलेल्या जमिनीवर, दुसऱ्या कुटुंबाची वेचणी पहाटेच आटोपलेली असते.