हेपटायटिस सी : औषधांना कोणाचा प्रतिसाद चांगला?

हेपटायटिस सीचा विषाणू सहा महिन्यांहून अधिक काळ रक्तात टिकला, तर तो आजार दीर्घकालीन मानतात. उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनीही रक्तात विषाणूचा आरएनए सापडला नाही, की रुग्ण बरा झाला असे धरले जाते. (अँटिबॉडीची चाचणी मात्र बरे झाल्यावरही पॉझिटिव्हच येते. त्यामुळे ती पाहून घाबरू नये.)

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या देत. विषाणूचा जनुकप्रकार १ असेल, तर ४८ आठवडे त्रास सोसूनही जेमतेम निम्मे रुग्ण बरे होत. प्रकार २ आणि ३ मध्ये २४ आठवड्यांतच याहून बरेच चांगले यश मिळे. वय, लठ्ठपणा, मधुमेह यांचाही परिणाम होई. २००९ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्या आयएल२८बी या जनुकाचा प्रभाव उघड झाला आणि काही काळ त्याची तपासणी महत्त्वाची ठरली.

सोफोसबुव्हिरसारख्या, थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या २०१३ च्या अखेरीपासून येऊ लागल्या आणि हा हिशेब बदलला. आता बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि शंभरातील नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात. आयएल२८बीची तपासणी जवळपास कालबाह्य झाली. गंमत म्हणजे, पूर्वी सोपा वाटणारा प्रकार ३ आता तुलनेने चिवट ठरतो, आणि भारतात तोच सर्वाधिक आढळतो.

आज सर्वांत जास्त फरक पडतो तो यकृताच्या अवस्थेने. सिरोसिस झालेला असेल, त्यातही पोटात पाणी साठू लागले असेल, तर यशाचे प्रमाण घटते. मग रिबाव्हिरिन जोडावे लागते किंवा उपचार २४ आठवड्यांपर्यंत लांबवावे लागतात. सिरोसिस, प्रकार ३ आणि आधी फसलेले उपचार असे तिन्ही एकत्र आले, तर काम आणखी अवघड होते.

दुसरी बाब इतर औषधांची. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, फिट्सवरील फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन या गोळ्यांमुळे विषाणूविरोधी औषधाचे रक्तातील प्रमाण घसरते. वेलपाटासव्हिर चालू असताना ॲसिडिटीची गोळी मनाने घेणेही महागात पडू शकते. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना आधीच दाखवावी. हेपटायटिस बीची चाचणीही सुरुवातीलाच करतात, कारण सी आटोक्यात येताना दबलेला बी उसळू शकतो.

बरे वाटू लागले म्हणून मध्येच गोळ्या थांबवणे हे आजार उलटण्याचे टाळता येण्याजोगे कारण आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळतात. सिरोसिस असलेल्यांनी विषाणू गेल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही.