बंद पेटीची साक्ष

जाफराबादेहून भोकरदनकडे निघालेल्या मोटारीचे इंजिन मध्येच गरजू लागावे आणि वेग मात्र तसूभरही वाढू नये, असे झाले म्हणजे मालकाचा धीर सुटतो. त्यातून गाडी स्वयंचलित गिअरची असली तर पेटी उघडण्याचा खर्च मोठा. आणि पुष्कळदा दोषाची चौकशी होण्यापूर्वीच ती उघडण्याचा हुकूम सुटतो. ही चौकशी रस्त्यावर कशी करावी याचे एक शास्त्र गेल्या शतकात घडले. त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

जाफराबाद निजामाच्या राज्यात असताना, जून १९३२ मध्ये, त्या राज्याच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. त्या काळच्या चालकास गिअरचा दोष दुसऱ्याने सांगावा लागत नसे. दाते नीट बसले नाहीत तर तळहातास कळे, क्लच घसरला तर कानास. ही साक्ष स्वयंचलित पेटीने हिरावून घेतली.

या पेटीचे मूळ समुद्रावर आहे, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांसाठी द्रवातून शक्ती पोचविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे कल्पावे. एक तेल फेकतो, त्या झोताने दुसरा फिरतो. पुढे अमेरिकेत अर्ल थॉम्प्सन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने ही युक्ती चक्रांच्या संचांशी जोडली आणि ‘हायड्रामॅटिक’ ही चार गतींची पेटी १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिल मोटारीतून बाजारात आणली. गिअर तेलाच्या दाबाने बदलू लागले; चालकाचा हात रिकामा झाला.

पण हात गेला तरी तर्क राहिला. हायड्रामॅटिकमध्ये चक्रांचे दोन संच होते, पुढचा व मागचा. प्रत्येकास एक पट्टा व एक क्लच. पहिल्या गतीत दोन्ही पट्टे आवळले जात. दुसरीत पुढचा क्लच व मागचा पट्टा. तिसरीत पुढचा पट्टा व मागचा क्लच. चौथीत दोन्ही क्लच. आता गाडी पहिल्या व तिसऱ्या गतीत घसरते, दुसऱ्या व चौथ्या गतीत घसरत नाही, असे आढळले तर संशय कोणावर घ्यावा? दोन्ही प्रसंगी हजर असलेल्या पुढच्या पट्ट्यावरच. पेट्यांची रचना पुढे पुष्कळ बदलली. तर्काची ही रीत आजही तीच आहे.

या रीतीत क्रमास महत्त्व आहे. आधी तेलाची पातळी, रंग व वास पाहावा. जळकट वास आला तर क्लचचे अस्तर जळत आहे असा संशय धरावा. मग इंजिन व पेटी पुरती तापल्यावर गाडी रस्त्यावर काढावी. हलक्या पायाने चालवीत कोणत्या वेगास कोणती गती बदलते ते टिपावे. नंतर पाय एकदम दाबून ती खालच्या गतीस उतरते का, ते पाहावे. ब्रेक घट्ट दाबून उभ्या गाडीत इंजिन जोराने फिरविण्याचीही एक परीक्षा आहे. परंतु ती पाच सेकंदांपलीकडे लांबली तर तेल भलतेच तापते आणि परीक्षेनेच रोगी दगावतो. गाडी बनविणाऱ्याची मनाई असेल तर ती करूच नये.

पुढे पेटीचा कारभार विजेच्या मेंदूकडे गेला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींस दोषसंकेत वाचण्याची एकसारखी सोय सक्तीची झाली. संकेताने संशयिताचे नाव कळते. त्याचा अपराध रस्त्यावरच सिद्ध होतो. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेल्या एएमटी पेटीत तर ते तेलाचे पंखेच नाहीत. साधा क्लच व साधे गिअर तेथे माणसाऐवजी यंत्र हलविते, आणि गती बदलतानाचा हलका हिसका हा पुष्कळदा तिचा स्वभावच असतो. हे न जाणणारा परीक्षक निरोगी पेटीवरही शस्त्रक्रिया करावयाचा.

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी महागडी उपकरणे हाताशी नसली, तरी तेलाचा वास घेणारे नाक, इंजिनाचा सूर ओळखणारा कान आणि एक मोकळा रस्ता मिळण्यास अडचण नाही. आमच्याकडचे मेकॅनिक ज्यास ‘ट्रायल’ म्हणतात ती शांतपणे घेतली, तर मालकाचे हजारो रुपये वाचतात. मग पेटी उघडावीच लागली, तरी आत काय शोधावयाचे हे आधी ठाऊक असते.