मोबाइल अ‍ॅपमधील लेबलांची अनपेक्षित अक्षरशैली

मोबाइल अ‍ॅपमधील बटण, शीर्षक किंवा यादी यांवर दिसणाऱ्या छोट्या मजकुराला लेबल म्हणतात. मूळ मजकूर एका रूपात लिहिलेला असताना पडद्यावर तो वेगळ्या रूपात उमटणे हा अ‍ॅपनिर्मितीतील नेहमी आढळणारा दोष आहे. बदल केवळ प्रदर्शनाच्या वेळी होत असल्याने मजकुराची फाईल तपासूनही त्याचे कारण सापडत नाही.

कारणे

लेबलांना पुष्कळदा प्रणालीची पूर्वनिर्धारित शैली आपोआप लागू होते. २०१४ मधील अँड्रॉइड ५.० पासून मटेरियल डिझाइननुसार बटणांवरील रोमन मजकूर कॅपिटल अक्षरांत दिसू लागला. आयओएसमध्येही गटवार याद्यांची शीर्षके अशीच दिसत असत. मागविलेल्या वजनाचा फाँट उपलब्ध नसल्यास प्रणाली अक्षरांच्या रेषा कृत्रिमरीत्या जाड करते. तिरपा फाँट नसल्यास उभी अक्षरे कलती करते.

परिणाम

मिलिवॅट आणि मेगावॅट यांच्या रोमन चिन्हांत केवळ पहिल्या अक्षराच्या लहान-मोठेपणाचा फरक असतो. कॅपिटल रूपात तो नाहीसा होतो. तुर्की भाषेत टिंबासह व टिंबाविना अशी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. त्यामुळे रूपांतर करताना भाषा विचारात न घेतल्यास शब्द चुकतो.

देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने मराठी लेबलावर कॅपिटल रूपांतराचा परिणाम होत नाही. मात्र त्याच शैलीसोबत येणारे वाढीव अक्षरांतर त्यालाही लागू होते. मटेरियल डिझाइनच्या २०१८ मधील आवृत्तीत १४ एककांच्या बटण-मजकुरासाठी १.२५ एकक अंतर ठरविलेले होते. अशा अंतरामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरलेला दिसतो. कृत्रिम जाडीमुळे जोडाक्षरांमधील पोकळी भरून जाते व लहान आकारात ती वाचणे अवघड होते.

उपाय

अँड्रॉइडमध्ये कॅपिटल रूपांतर प्रत्येक घटकापुरते किंवा संपूर्ण अ‍ॅपच्या शैलीत बंद करता येते. आयओएस १४ पासून स्विफ्टयूआयमध्येही तशी सोय आहे. २०२१ मध्ये आलेल्या मटेरियल डिझाइन ३ ने बटणांवरील सक्तीची कॅपिटल अक्षरे वगळली. देवनागरी लेबलांसाठी अक्षरांतर शून्य ठेवणे, ठळक वजनाचा खरा फाँट अ‍ॅपसोबत देणे आणि प्रत्येक भाषेतील लेबले प्रत्यक्ष पडद्यावर तपासणे हे प्रमुख उपाय आहेत.