ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे वारंवार होणारे बिघाड (वापरलेल्या मोटारी)

वापरलेल्या मोटारीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त होऊन येतो, दोन-चार महिने बरा चालतो आणि त्याच तक्रारीने पुन्हा गॅरेजात जातो. त्या प्रकाराची ही नोंद. लक्षणे ठरलेली असतात. डी मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका देते, रिव्हर्स पडत नाही, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. कधी गिअरचा दिवा लुकलुकू लागतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते. अशा वेळी गिअरबॉक्स मोडलेलाच असतो असे नाही. पुढचे नुकसान टाळण्यासाठी गाडीच्या संगणकाने गिअर बदलणे थांबवलेले असते.

भारतात २०१४ पूर्वी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही बहुतांशी महागड्या मोटारींची गोष्ट होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीची सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्ससह बाजारात आली आणि क्लचचे पेडल न दाबता गाडी चालवणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. त्या लाटेतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत.

चंदीगड हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. कुटुंबामागे मोटारींचे प्रमाण देशात फार मोठे असलेल्या शहरांपैकी हे एक. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने रस्त्यांची व्ही-१ ते व्ही-७ अशी उतरंड आखून शहर वसवले आणि त्याच्या उत्तर टोकाला, सेक्टर १ मध्ये, कॅपिटल कॉम्प्लेक्स उभारले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय तिथे आहे.  सेक्टर ७ मधला जुन्या गाड्यांचा रविवारचा बाजार शहराबाहेरच्या गिऱ्हाइकांनाही परिचित होता. पुढे तो हल्लोमाजऱ्याकडे हलवण्यात आला.

इथल्या गाडीचा इतिहास वाचताना नुसते किलोमीटर पाहून भागत नाही. सपाट, सरळ रस्त्यांवर फिरलेली गाडी म्हणून ती विकली जाते, पण शिमला इथून सुमारे ११५ किलोमीटरवर आहे आणि कालका-परवाणू ओलांडले की चढ सुरू होतो. सुट्टीच्या दिवशी घाटात वाहतूक तुंबते. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून चालक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरने तिला जागेवर तोलून धरतो. एएमटी असो वा कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो आणि तापतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेलेला असतो, त्याची भर पडते. पुण्या-मुंबईच्या गाड्यांना खंडाळ्याच्या घाटात हेच होते.

बिघाड समजून घ्यायचा तर गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवावे लागते. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रे विकली जातात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्याचा क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम संगणकाच्या हुकुमाने एक यंत्रणा करते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ताकद तेलातून पोचते आणि तेलाच्याच दाबाने गिअर बदलतात. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींवर सरकतो. चौथा प्रकार दुहेरी क्लचचा. त्याच्या एका क्लचकडे सम आणि दुसऱ्याकडे विषम गिअर असतात.

या चौथ्या प्रकाराने जगभर मोठा मनस्ताप दिला. फोक्सवॅगनचा कोरड्या क्लचचा सात-गिअरी डीएसजी २००८ मध्ये आला. मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये कंपनीने त्यातल्या दोषामुळे ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधले तेल बदलण्याची मोहीम काढली. कृत्रिम तेलामुळे उष्ण-दमट हवामानात आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता, म्हणून तिथे खनिज तेल भरण्यात आले. याच जातीचा गिअरबॉक्स असलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ पासून पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सबाबत ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कारण केवळ सदोष गिअरबॉक्स हे नव्हते. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकांशी कंपनी ज्या रीतीने वागली, त्याचा तो दंड होता.

बिघाड पुन्हा का होतो? बहुतेक वेळा मोडलेला भाग बदलला जातो आणि तो मोडण्याचे कारण गाडीतच राहते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. आतल्या प्लेटा झिजून त्यांचा कचरा तेलाबरोबर तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये जाऊन बसतो. मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवून नवा किंवा दुरुस्त केलेला चढवतो, पण कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या नाहीत तर तोच कचरा तेलाचा दाब वळवणाऱ्या नव्या व्हॉल्व्ह बॉडीत शिरतो. काही गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला की पाणी आणि तेल एक होतात आणि गुलाबी-दुधाळ द्रव दिसतो. तो दिसला की नुसता गिअरबॉक्स बदलून उपयोग नाही.

एएमटीत निराळे घडते. क्लच प्लेट नवी टाकली, पण स्कॅनर लावून संगणकाला नव्या क्लचची पकड कुठे सुरू होते ते शिकवले नाही, तर तो जुन्या झिजलेल्या प्लेटेच्या हिशेबानेच क्लच हाताळतो आणि नवी प्लेट अकाली जळते. सीव्हीटीला तिच्यासाठी ठरवलेलेच तेल लागते. ‘ऑटोमॅटिकचे तेल’ म्हणून दुसरे भरले तर पट्टा घसरतो. ‘आयुष्यभर बदलायचे नाही’ असे सांगितलेले तेलही झिजते, आणि दुसऱ्या मालकाने तरी ते तपासून घ्यावेच. कमजोर बॅटरी किंवा गंजलेली अर्थिंगची तार यामुळेही संगणक चुकीचे एरर दाखवतो. अशा वेळी चांगला गिअरबॉक्स विनाकारण खोलला जातो, आणि खोलताना शिरलेली धूळ हे पुढच्या बिघाडाचे कारण ठरते.

पुरात बुडालेली गाडी हा याच प्रश्नाचा दुसरा चेहरा. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक छोटी नळी असते. पाणी तिच्या वर गेले तर आत शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली, जुलै २०२३ मध्ये चंदीगड-पंजाबात पाणी भरले. अशी गाडी वाळवून, आतून नवी करून दुसऱ्या राज्यात विकणे अवघड नाही. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची बंद पडलेली गाडी चालती चाके रस्त्यावर ठेवून ओढून नेली तरी नुकसान होते. इंजिन बंद असल्याने तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

घेण्यापूर्वी गाडी थंड असतानाच सुरू करून पाहावी, कारण तापलेला गिअरबॉक्स काही दोष झाकतो. ब्रेक दाबून आर आणि डी मध्ये टाकताना होणारा उशीर मोजावा, चढावर उलटी घेऊन पाहावी, सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. स्कॅनरमध्ये एरर नाही म्हणजे दोष नाही असे समजू नये. विक्रीच्या सकाळीही एरर उडवता येतो.

कायद्याचा आधार कुणाकडून गाडी घेतली यावर ठरतो. शेजाऱ्याकडून किंवा एखाद्या खासगी मालकाकडून घेतली तर तो व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगाची वाट सहसा बंद असते. दिवाणी दावा उरतो. व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतली किंवा गॅरेजने पैसे घेऊन दुरुस्ती केली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. तक्रार दोन वर्षांत करावी लागते आणि ती राहत्या जिल्ह्यातही करता येते. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाचा परवाना लागतो. ती तरतूद मालकी आणि जबाबदारीच्या कागदांसाठी आहे, गिअरबॉक्सच्या दर्जाची हमी ती देत नाही. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून मिळतो, संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योग कंपनीच्या प्रकरणात २००६ मध्ये स्पष्ट केले.

आयोगापुढे कागद बोलतात. दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेचे किलोमीटर, स्कॅनरने दाखवलेला एरर आणि काढलेले जुने भाग जपून ठेवावेत. बिलावर नुसते ‘गिअरबॉक्स काम’ असे लिहू देऊ नये. तिसऱ्यांदा तोच दोष आला हे सिद्ध करायचे तर पहिल्या दोन वेळा काय आढळले हे लिहिलेले असावे लागते. जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगाकडे आणि कायद्याच्या मोठ्या प्रश्नावर त्यापुढे राष्ट्रीय आयोगाकडे जाता येते. राष्ट्रीय आयोगाने अपिलात दिलेल्या आदेशाविरुद्ध संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. त्यामुळे हल्लोमाजऱ्याच्या बाजारात घेतलेल्या गाडीचा वाद शेवटी कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या न्यायालयापर्यंत पोचू शकतो.