न्यू लॅनार्कचा धनी आणि परळची सभा

कारखाना उभा राहतो यंत्रांवर, परंतु चालतो तो माणसांच्या मनावर, ही गोष्ट आज कोणीही मान डोलावून कबूल करील. औद्योगिक क्रांतीच्या आरंभी मात्र ती फारशी कोणाला पटलेली नव्हती. यंत्राला वेळच्या वेळी तेल घालणारा धनी त्याच यंत्रापाशी दिवसभर उभ्या असलेल्या मुलाची विचारपूस करीत नसे. अशा काळात रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने माणसांकडे लक्ष पुरवून दाखविले. त्याच्या यशाइतकीच त्या यशाची मर्यादाही आम्हांला बोधप्रद वाटते.

ओवेन 1771 साली वेल्समध्ये जन्मला. ऐन विशीच्या सुमारास तो मँचेस्टरच्या एका मोठ्या सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला. 1799 साली त्याने व त्याच्या भागीदारांनी स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी असलेल्या न्यू लॅनार्कच्या गिरण्या डेव्हिड डेल याच्याकडून 60,000 पौंडांस विकत घेतल्या. डेल त्या काळच्या मानाने सहृदय मालक होता. तरीही गिरणीत अनाथालयांतून आणलेली शेकडो मुले राबत होती, आणि वडीलधाऱ्यांत दारू व चोऱ्या बोकाळल्या होत्या. परक्या मुलखातून आलेल्या या नव्या धन्याकडे कामगार संशयाने पाहत. हा आपल्याकडून अधिक काम पिळून घेण्यासाठीच आला आहे, अशी त्यांची समजूत होती.

ओवेनने दंडुका उचलला नाही. मारहाणीस त्याने बंदी केली. प्रत्येकाच्या जागेपाशी चार बाजूंचा एक लाकडी ठोकळा टांगला जाई. त्याची एक बाजू काळी, दुसरी निळी, तिसरी पिवळी व चौथी पांढरी. आदल्या दिवसाच्या वर्तनाप्रमाणे त्यातील एक बाजू समोर असे. काळी सर्वांत वाईट, पांढरी सर्वांत उत्तम. देखरेख करणाऱ्याने दिलेला शेरा अन्यायाचा वाटला, तर कामगाराला थेट ओवेनकडे दाद मागता येत असे. ठोकळ्यापेक्षा ही दाद मागण्याची सोय आम्हांला अधिक मोलाची वाटते.

परंतु एवढ्याने संशय फिटला नाही. तो फिटला संकटात. 1807 च्या डिसेंबरात अमेरिकेने आपला माल परदेशी पाठविण्यास बंदी केली आणि कापसाचे भाव कडाडले. पुष्कळ गिरणीवाल्यांनी कामगारांना घरी बसविले. ओवेनने यंत्रे थांबविली, पण माणसे काढली नाहीत. सुमारे चार महिने यंत्रांची साफसफाई व देखभाल एवढेच काम होते, आणि तरीही पगार पुरा दिला जात होता. यापायी 7,000 पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली, असे ओवेननेच पुढे लिहून ठेवले आहे. त्या चार महिन्यांनंतर गाव त्याचे झाले. धन्याच्या गोड शब्दांवर कामगाराचा विश्वास बसत नाही. नुकसान सोसण्याची वेळ आली असता ते कोणाच्या माथी मारले जाते, हे तो पाहत असतो.

यानंतर सुधारणांना जोर चढला. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद झाले आणि त्यांच्यासाठी शाळा निघाली. गिरणीच्या दुकानात चांगला माल जवळजवळ खरेदीच्या भावाने मिळू लागला. आजारपणासाठी पगारातून अल्पशी वर्गणी घेऊन निधी उभारला गेला. एवढे करूनही गिरणी नफ्यात चालली, आणि हे नवल पाहण्यासाठी देशोदेशींचे पाहुणे न्यू लॅनार्कला येऊ लागले.

मग उणे कोठे होते? एका चांगल्या माणसाच्या इच्छेवर उभी असलेली व्यवस्था त्या माणसाबरोबरच डळमळते, हे ओवेन स्वतःच जाणून होता. जादा खर्चाबद्दल कुरकुरणारे भागीदार त्याला वारंवार बदलावे लागले. म्हणून 1815 पासून त्याने कायद्यासाठी खटपट केली. 1819 साली कायदा झाला, तो मात्र पांगळा. तो फक्त कापसाच्या गिरण्यांना लागू होता. नऊ वर्षांखालील मुलांना कामास मनाई आणि सोळा वर्षांपर्यंतच्यांना दिवसाला बारा तासांची मर्यादा, एवढीच त्याची मजल. अंमलबजावणीसाठी पगारी निरीक्षक नेमले गेले ते 1833 च्या कायद्याने.

दुसरे उणे याहून खोल होते. ओवेनने कामगारांसाठी सर्व काही केले, पण ते काय असावे हे त्यांच्याशी बसून ठरविले नाही. तो बाप होता आणि ते लेकरे होती. लेकरांनी कधी तरी स्वतः बोलावे लागते, आणि याचे उदाहरण आमच्या मुंबईनेच घालून दिले आहे. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळला गिरणी कामगारांची सभा भरली. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर 5,500 कामगारांनी सह्या केल्या. 1890 च्या एप्रिलमधील सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि तेथे दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी 10 जून रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

न्यू लॅनार्कची शाळा मिळालेली होती. मुंबईचा रविवार मागून घेतलेला होता. निकोप कारखान्याला दोन्हींची गरज असते. वरच्याने संकटात आधी स्वतः झळ सोसावी आणि खालच्याला निर्भयपणे बोलता यावे. पहिली गोष्ट धन्याच्या स्वभावावर सोडता येईल, दुसरी मात्र नियमानेच बांधली पाहिजे. कारण चांगला धनी आज आहे, उद्या असेलच असे नाही.