सोल्डरिंगचा धूर: शिसं धुरात नाही, मग नेमका धोका कशाचा?

गेल्या पावसाळ्यात मी घरी मेकॅनिकल कीबोर्ड जोडायला घेतला. ६८ कीज, प्रत्येक स्विचला दोन पिना, म्हणजे १३६ टाके. पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद, आणि वाऱ्याने टिप गार पडते म्हणून पंखाही बंद. तासाभरात निम्मं काम झालं आणि शेजारच्या खोलीतून आईच्या खोकल्याचा आवाज यायला लागला. तिला दमा आहे. शेवटी पंप घ्यावा लागला.

त्या रात्री माझ्या डोक्यात एकच विचार होता: मी शिसंवाली वायर वापरली, लेड-फ्री घेतली असती तर हे टळलं असतं. मी इंजिनिअरिंगला चार वर्षं लॅबमध्ये सोल्डरिंग केलंय, तरी मला हेच वाटत होतं. ते चूक होतं. लेड-फ्री वायरने त्या खोलीत धूर कमी झाला नसता, कदाचित वाढलाच असता.

धूर नक्की कशाचा?

दुकानात मिळणारी ६०/४० वायर म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ती १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागते. आपण सोल्डरिंग आयर्न साधारण ३२० ते ३७० अंशांवर ठेवतो. शिसं उकळतं १७४९ अंशांना. आता तुम्ही म्हणाल, पाणी तर न उकळताही वाळतंच की. बरोबर, पण आयर्नच्या तापमानाला शिशाची जी वाफ होते ती इतकी नगण्य असते की धुराच्या हिशेबात ती धरायचं कारण नाही.

दिसतो तो धूर फ्लक्सचा. सोल्डर वायर भरीव नसते, तिच्या पोटात फ्लक्सची बारीक रेघ असते. हा फ्लक्स बहुतेक वेळा रोझिन असतो, म्हणजे राळ. चीडाच्या झाडाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतलं की जे उरतं ते हे. व्हायोलिनच्या गजाला घासतात तीही हीच. तांब्यावरचा गंज खाऊन सोल्डर नीट पसरवणं हे तिचं काम. पण तापली की तिच्यातून राळेतल्या आम्लांचे अतिसूक्ष्म कण आणि फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघतात. लेड-फ्री वायर २१७ अंशांच्या पुढे वितळते, म्हणून आयर्न जास्त तापवावं लागतं आणि फ्लक्स जास्त जळतो.

राळेचा धूर दमा असलेल्यांना त्रास देतो एवढंच नाही, तो धडधाकट माणसालाही दमा लावू शकतो. ब्रिटनमधली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था, एचएसई, या धुराला कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांमध्ये धरते. शरीराची प्रतिकारशक्ती एकदा राळेला शत्रू मानायला लागली की पुढे अगदी थोड्या धुरानेही झटका येऊ शकतो, आणि ही ॲलर्जी सहसा जात नाही. कोणाला होईल, किती दिवसांनी होईल, हे आधी सांगता येत नाही.

तिथली कामाच्या ठिकाणची मर्यादा आहे आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम. माझी खोली १० बाय १०, उंची १० फूट धरा, म्हणजे सुमारे २८ घनमीटर. मर्यादेला पोचायला सगळ्या खोलीत १.४ मिलिग्रॅम पुरे. ५ ग्रॅम वायर वापरली आणि तिच्यात २ टक्के फ्लक्स असेल तर फ्लक्स झाला १०० मिलिग्रॅम. बराचसा बोर्डवर पिवळा थर होऊन बसतो. पण हवेत दीड-दोन मिलिग्रॅम जरी गेला तरी बंद खोलीत आपण त्या आकड्याच्या आसपास असतो. हिशेब ढोबळ आहे, आणि मर्यादा रोज काम करणाऱ्यांसाठी आहे, पण खिडकी उघडायला मला एवढा पुरला.

मग शिसं कुठे जातं?

हाताला. आणि हातावरून पोटात. सोल्डर वायर बोटांत धरली की शिसं कातडीला लागतं, मग आपण त्याच हाताने वडापाव खातो. दोन्ही हात अडकले म्हणून वायर दातात धरणारे मी पाहिलेत, कॉलेजात मीही धरलीय. कृपया धरू नका.

आमच्या घरात त्या वेळी दहा महिन्यांचा पुतण्या रांगत होता. डीसोल्डरिंग पंपातून उडालेले कण फरशीवर पडतात, आणि रांगणाऱ्या बाळाचा हात फरशीवरून थेट तोंडात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. म्हणजे आईसाठी धोका धूर होता आणि पुतण्यासाठी फरशी. मी दोन्हीकडे दुर्लक्ष करून वायरचा ब्रँड शोधत बसलो होतो.

काम झालं की साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतं, शिसं काढत नाही. टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसायची. झाडूने धूळ उडते.

खोलीत काय बदललं

सगळ्यात मोठा फरक पडला १२० मिलिमीटरच्या कॉम्प्युटर फॅनने, जो मी जुन्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवतो. फॅन बोर्डच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, धूर ओढून खिडकीबाहेर टाकेल असा ठेवायचा. फुंकणाऱ्या बाजूने ठेवला तर टाका गार होतो आणि धूर घरभर पसरतो. फॅनची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, त्यामुळे दोन फूट लांब ठेवलेला फॅन फक्त आवाज करतो. छताचा पंखा धूर घालवत नाही, फिरवतो. स्प्लिट एसीसुद्धा खोलीतलीच हवा पुन्हा गार करून देतो, बाहेरची आणत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या 'फ्यूम ॲब्झॉर्बर'मध्ये कार्बनचा पातळ स्पंज असतो. तो तोंडासमोरचा धूर बाजूला नेतो हे खरं, पण बारीक कण बऱ्यापैकी तसेच पार होऊन खोलीत येतात. एन-९५ मास्कचं उलटं, तो कण अडवतो, वायू नाही. आणि मान! बारीक टाका दिसावा म्हणून आपण नाक बोर्डवर नेतो, बरोबर धुराच्या वाटेत. साधं भिंग किंवा स्टँड घेतला की चेहरा हातभर मागे राहतो.

मोबाईल रिपेअर शिकणाऱ्यांसाठी

फोनच्या बोर्डवर जी केसासारखी जंपर वायर लावतात तिच्यावर इनॅमलचा थर असतो. तो अनेकदा पॉलियुरेथेनचा असतो आणि आयर्नने जाळून काढला की आयसोसायनेट नावाचे वायू निघतात. दमा लावण्यात तेही कुप्रसिद्ध आहेत. शक्य तिथे थर ब्लेडने खरवडून काढा.

पुण्यात तपकीर गल्लीच्या जवळ माझा एक शाळेतला मित्र रिपेअरिंग करतो, रोज दहा तास, दुकानाला खिडकी नाही. त्याला हे सांगत होतो तर म्हणाला, "अरे, मला रात्री खोकला येतो. पण रविवारी दुपारपर्यंत एकदम मोकळं वाटतं." त्याने ते धुळीवर ढकललं होतं. धुराचा त्रास कधी कधी काही तासांनी, रात्री सुरू होतो, त्यामुळे कामाशी संबंध लागत नाही. सुट्टीच्या दिवशी बरं वाटणं ही डॉक्टरांसाठी महत्त्वाची खूण असते, पण आपण सांगितल्याशिवाय ती त्यांना कळणार कशी?

तो छातीच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा फ्लक्सची डबी सोबत घेऊन गेला. त्यांनी त्याला पीक फ्लो मीटर दिलंय. दिवसातून चार वेळा फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशीही आणि रविवारीही. तीन आठवड्यांची वही भरली की पुढचं कळेल. तोवर त्याने शटरच्या वर एक्झॉस्ट फॅन लावून घेतलाय आणि आयर्नचं काम दुसऱ्या मुलाकडे न देता बाहेरच्या सेंटरला पाठवतोय.