किल्टवरील आखूड जॅकेट : दिवसाच्या पोशाखाची रीत

स्कॉटलंडमधील विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘हायलँड ड्रेस’ असे शब्द दिसले, की निमंत्रित पाहुणा भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानाची वाट धरतो. तेथे अनेकदा त्याच्या हाती रुपेरी बटणांचे काळे जॅकेट पडते. समारंभ भर दुपारचा असला, तरी हा पोशाख मुळात रात्रीच्या मेजवानीचा आहे. अशी गल्लत स्कॉटिश कुटुंबांतही सर्रास होते. ती टाळायची असेल, तर किल्टवरचे जॅकेट आखूड का असते आणि त्यातील दिवसाचे कोणते, हे समजून घ्यायला हवे.

आखूडपणाचे कारण

किल्ट पँटप्रमाणे कमरेच्या खालच्या भागावर टेकत नाही. ती बेंबीच्या पातळीवर किंवा किंचित वर बांधली जाते आणि गुडघ्याच्या मध्यापर्यंत येते. पारंपरिक जाड किल्टला सुमारे आठ वार कापड लागते, म्हणजे नऊवारीपेक्षा जेमतेम एक वार कमी. त्यातील बहुतेक कापड मागच्या निऱ्यांत जाते. या निऱ्या कंबरेपासून नितंबांपर्यंत शिवून पक्क्या केलेल्या असतात आणि त्याखाली मोकळ्या सुटतात. पुढचा भाग सपाट असतो व त्यावर ‘स्पोरन’ ही चामड्याची पिशवी लटकते.

अशा वस्त्रावर नेहमीचा सूटचा कोट चढवला, तर स्पोरन झाकली जाते, निऱ्या दबतात आणि किल्टचा थोडासाच भाग खाली डोकावतो. माणूस बुटका दिसतो. नितंबांपर्यंत येणारे नेहरू जॅकेट किंवा जोधपुरी कोटही याच कारणाने किल्टवर शोभत नाही. म्हणून किल्टसाठीच्या जॅकेटची लांबी कमी ठेवतात आणि त्याचा पुढचा भाग गोलाकार कापून स्पोरनला जागा करून देतात.

फौजेने जपलेली परंपरा

या बेताला इतिहासही आहे. किल्टच्या आधी लोकरीचे एकच लांबरुंद वस्त्र कमरेला चुण्या घालून पट्ट्याने आवळत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. त्यावर लांब घेराचा कोट बसणे शक्यच नव्हते. म्हणून अठराव्या शतकातील हायलँड पलटणींचे कोट इतर ब्रिटिश पलटणींच्या कोटांपेक्षा आखूड असत. १७४६ च्या कायद्याने हायलँडमधील पुरुषांना हा पोशाख करण्यास मनाई झाली, पण सैन्यात असलेल्यांना त्यातून सूट होती. १७८२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत हा पोशाख प्रामुख्याने फौजेने जिवंत ठेवला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा त्याला समारंभाची प्रतिष्ठा लाभली.

दिवसाचे आणि रात्रीचे

‘प्रिन्स चार्ली’ हे रेशमी लॅपलचे, मागे छोटी शेपटी असलेले जॅकेट काळ्या बो टायसह संध्याकाळी घालायचे. ते डिनर जॅकेटच्या बरोबरीचे मानले जाते. ‘माँट्रोझ’ आणि ‘शेरिफम्यूर’ हे डब्लेटही रात्रीच्या औपचारिक समारंभांचे आहेत.

दिवसासाठी ‘आर्गाइल’ आणि ‘क्रेल’ हे दोन प्रकार रूढ आहेत. आर्गाइलच्या बाह्यांच्या टोकांना रुंद, नक्षीदार पट्टी असते. क्रेलची बाही साधी असते. हीच जॅकेटे काळ्या कापडात आणि रुपेरी बटणांत शिवली, तर संध्याकाळीही चालतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : आखूडपणा दोन्ही वेळचा आहे, वेळ ठरते ती कापडावरून आणि बटणांवरून. दिवसा ट्वीड किंवा साधे लोकरी कापड, शिंगाची बटणे, लोकरी टाय, चामड्याची साधी स्पोरन, एकरंगी पायमोजे आणि ब्रोग बूट असा मेळ बसतो. फर लावलेली, चांदीने मढवलेली स्पोरन रात्रीसाठी राखून ठेवावी.

अगदी कंबरेशी संपणारे जॅकेट दिवसा चालते का? रूढ नागरी पोशाखात ते विरळा आहे, पण अगदीच परके नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश फौजेत ‘बॅटलड्रेस’ हा कंबरेपर्यंतचा गणवेश आला आणि हायलँड पलटणींनी तो किल्टवरही घातला. त्याच घाटाचे ट्वीडचे जॅकेट सहलीला किंवा अनौपचारिक भोजनाला खुशाल घालावे. मात्र किल्ट योग्य उंचीवर बांधलेली हवी. ती पँटसारखी खाली घसरली, की जॅकेट आणि किल्ट यांच्यामध्ये सदऱ्याचा पांढरा पट्टा दिसू लागतो आणि सगळा डौल जातो. वेस्टकोट नसेल तर रुंद पट्टा बांधावा; वेस्टकोट असेल तर पट्टा नको.

जुना कोट कामी येतो

नवे जॅकेट महाग वाटले, तर जुना ट्वीडचा कोट शिंप्याकडून आखूड करून घेता येतो. खालचे खिसे कोठे आहेत, हे आधी पाहावे. कापण्याची मर्यादा तेच ठरवतात, कारण खिशाच्या पिशवीला कात्री लागली तर खिसा निकामी होतो. वर लावलेले खिसे उसवून वर सरकवता येतात; कापडात कापलेले खिसे हलवता येत नाहीत. माप घेताना किल्ट नेसून, स्पोरन लावूनच उभे राहावे. पट्ट्याच्या बकलाखाली साधारण चार बोटांवर स्पोरन येते, आणि जॅकेटची पुढची कड तिच्यावर येता कामा नये.

किल्ट घालण्यासाठी स्कॉटिश वंशाचे असावे लागत नाही. निमंत्रण स्वीकारताना यजमानांना दोन प्रश्न मात्र विचारावेत : समारंभ किती वाजता आहे आणि वरपक्षाची मंडळी कोणते जॅकेट घालणार आहेत. सगळे वऱ्हाड दुपारीच प्रिन्स चार्ली घालणार असेल, तर पाहुण्याने ट्वीडचा आग्रह धरू नये. तसे नसेल, तर दुकानदाराकडे नाव घेऊन ट्वीडचे आर्गाइल किंवा क्रेल मागावे.